शिळेपासून ड्रमपर्यंत : लेसर प्रिंटरमधील ड्रम व टोनर यांचा इतिहास आणि मराठी मुद्रण

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरील गाव आहे. हा परिसर पर्जन्यछायेतील, अवर्षणप्रवण आणि ऊसतोडणीसाठी दरवर्षी होणाऱ्या स्थलांतराचा आहे. अशा भागात कागदाचे मोल शहरापेक्षा कमी नसते. किंबहुना ते अधिक असते. सात-बाराचा उतारा, आठ-अ, पीकविम्याचा अर्ज, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला, अशा कागदांवर शेतकऱ्याचे कर्ज, नुकसानभरपाई आणि त्याच्या मुलांचे शिक्षण अवलंबून असते. एकेकाळी हे कागद तलाठ्याच्या किंवा कारकुनाच्या हाताने लिहिले जात. आज ते बहुतांशी लेसर प्रिंटरमधून बाहेर पडतात. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उपलब्ध झाल्यानंतर तर उतारा 'लिहिणे' ही क्रिया मागे पडून उतारा 'काढणे' हीच क्रिया उरली आहे.

ही अक्षरे ज्या यंत्रातून उमटतात त्याच्या पोटात ॲल्युमिनियमची एक बारीक नळी आणि थोडी काळी भुकटी असते. नळीला ड्रम आणि भुकटीला टोनर म्हणतात. मराठी मुद्रणाचा इतिहास सामान्यतः खिळ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो आणि संगणकीय छपाई ही त्या इतिहासाची अखेरची पायरी मानली जाते. प्रस्तुत निबंधात वेगळी मांडणी केली आहे. लेसर प्रिंटरचा ड्रम हा तत्त्वाच्या दृष्टीने खिळ्यांचा नव्हे, तर शिळाप्रेसच्या दगडाचा वारस आहे. हे नाते ध्यानात घेतले, तर मोठ्या छापखान्यांत एकवटलेले मुद्रण पुन्हा एका माणसाच्या, एका खोलीच्या आवाक्यात कसे आले याचा उलगडा होतो.

उद्दिष्टे

१) ड्रम व टोनर यांच्या कार्यपद्धतीचा ऐतिहासिक विकास मांडणे.
२) शिळाछाप, खिळेछपाई आणि लेसर मुद्रण यांचा देवनागरी लिपीशी असलेला संबंध तपासणे.
३) कार्ट्रिज या रचनेचा लहान गावांतील मुद्रणव्यवसायावर झालेला परिणाम स्पष्ट करणे.

१. पृष्ठभागावरील छपाई : शिळाप्रेस

छपाईच्या पद्धतींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्यात अक्षर उंचावलेले असते. खिळ्याच्या उंच भागाला शाई लागते आणि तो भाग कागदावर दाबला जातो. दुसऱ्यात अक्षर व रिकामी जागा एकाच पातळीवर असतात. फरक उंचीचा नसून पृष्ठभागाच्या गुणधर्माचा असतो. बव्हेरियातील आलॉइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास शोधून काढलेली शिळाछाप ही दुसऱ्या वर्गातील होय. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहावे, दगड ओला करावा आणि त्यावर छपाईची शाई फिरवावी. तेलकट जागा शाई धरते, ओली जागा ती नाकारते. दगडावर काहीही कोरावे लागत नाही.

या पद्धतीने मराठी मुद्रणाला मोठे बळ दिले. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये, म्हणजे शके १७५३ चे, मराठी पंचांग शिळेवर छापले. त्यापूर्वी जोशी पंचांगाच्या हस्तलिखित प्रती करून देत असत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाचा अनुभव घेतलेल्या या मुद्रकाने साधने व शाई स्वतःच्या खटपटीने सिद्ध केली, हे मुद्रणेतिहासाचे अभ्यासक आवर्जून नमूद करतात. छापील शाईत चरबी असते म्हणून धर्मग्रंथ विटाळतात, असा आक्षेप त्या काळी घेतला जात असे आणि त्यावर तोड म्हणून तुपातील शाई वापरली गेल्याचेही सांगितले जाते. येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. शिळेला लिपी ठाऊक नव्हती. जोडाक्षर कितीही अवघड असो, वेलांटी कितीही लांब असो, लेखकाच्या बोरूतून जे उतरे ते जसेच्या तसे छापले जाई. बालबोध आणि धावती मोडी यांत शिळेच्या दृष्टीने काहीच भेद नव्हता.

२. खिळ्यांचे युग आणि त्याची किंमत

शिळेला मर्यादा होत्या. दगड जड होता, प्रत्येक पान नव्याने लिहावे लागे आणि मोठ्या संख्येच्या प्रतींना खिळेछपाई अधिक सोयीची होती. सेरामपूर येथे १८०५ मध्ये विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले होते. पुढे मुंबईत या कामाला वेग आला. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सौष्ठव दिले, त्यामुळे संस्कृत व मराठी ग्रंथांच्या शुद्ध आणि देखण्या आवृत्त्या भारतभर पोहोचल्या. अहमदनगर शहराचेही या इतिहासात स्थान आहे. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये तेथूनच सुरू झाले.

मात्र खिळ्यांनी देवनागरीकडून एक किंमत वसूल केली. रोमन लिपीत थोड्या अक्षरचिन्हांत काम भागते. देवनागरीत मुळाक्षरे, वरच्या व खालच्या मात्रा, अर्धी अक्षरे, रफार, जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागतात. काही पद्धतींत मात्रांसह अक्षर एकत्र ओतले जाई, तर 'डिग्री' पद्धतीत अक्षर आणि वरखालच्या मात्रा वेगवेगळ्या तुकड्यांत जुळवल्या जात. दोन्हींत जुळारी कुशल हवा, केस मोठी हवी आणि भांडवल हवे. तुटलेली मात्रा व उडालेला अनुस्वार हे जुन्या मराठी पुस्तकांतील नित्याचे दृश्य या रचनेतूनच निर्माण झाले आहे.

विसाव्या शतकात टंकलेखन यंत्र, लायनोटाइप व मोनोटाइप आले, तेव्हा ही अडचण अधिक तीव्र झाली. यंत्राच्या पट्टीत मावतील इतकी लिपी लहान करावी, असा विचार बळावला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी आणि काका कालेलकरांसारख्यांचे लिपिसुधारणेचे प्रयत्न यांमागे यांत्रिक मुद्रणाची सोय हे एक प्रमुख कारण होते. यंत्राने लिपीनुसार बदलावे की लिपीने यंत्रानुसार, हा तो वाद होता. या वादाचे उत्तर लिपिसुधारणेतून आले नाही. ते प्रकाश आणि स्थिर विद्युत यांच्या संयोगातून आले.

३. कोरडे लेखन : झेरोग्राफीचा उदय

विद्युतभारित पृष्ठभागावर भुकटी टाकली असता तिच्या आकृत्या तयार होतात, हे जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७७७ मध्ये पाहिले होते. या निरीक्षणाचा छपाईसाठी उपयोग होण्यास १६१ वर्षे जावी लागली. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन हे भौतिकशास्त्राचे पदवीधर एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीस होते. पेटंटच्या कागदपत्रांच्या व आकृत्यांच्या नकला मिळवणे हा तेथील रोजचा जाच होता. आपल्याकडील दप्तरखान्यात नकलेसाठी ताटकळणाऱ्या पक्षकाराला हा जाच निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात कार्लसन व त्यांचे सहायक ऑटो कॉर्नाय यांनी पहिला यशस्वी प्रयोग केला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, अंधारात तो रुमालाने घासून विद्युतभारित केला, त्यावर तारीख व ठिकाण लिहिलेली काच ठेवून प्रखर दिव्याचा प्रकाश टाकला आणि लायकोपोडियम वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी भुरभुरली. जेथे प्रकाश पोहोचला नव्हता तेथे भुकटी चिकटून राहिली. मेणकागदावर ती उतरवून कागद तापवताच अक्षरे पक्की झाली. प्रभार, प्रकाश, भुकटी, कागद आणि उष्णता हा क्रम आजच्या लेसर प्रिंटरमध्येही कायम आहे.

कार्लसन यांना १९४२ मध्ये याचे पेटंट मिळाले. परंतु अनेक कंपन्यांनी हा शोध नाकारला. १९४४ मध्ये बॅटेल संस्थेने त्यावर संशोधन हाती घेतले आणि पुढे हॅलॉइड या छोट्या कंपनीने त्याचे हक्क घेतले. गंधकाऐवजी सेलेनियमचा थर वापरल्याने प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद खूपच सुधारला. 'कोरडे' आणि 'लेखन' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून 'झेरोग्राफी' ही संज्ञा घडवण्यात आली. १९५९ मध्ये या कंपनीचे '९१४' हे साध्या कागदावर प्रती काढणारे यंत्र आले आणि पुढे कंपनीचे नावच झेरॉक्स झाले. भारतात १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. 'झेरॉक्स' हे विशेषनाम मराठीत लवकरच सामान्यनाम बनले. कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर प्रत काढली तरी ती 'झेरॉक्स'च ठरते.

४. ड्रम आणि टोनर यांचे कार्य

ड्रम ही ॲल्युमिनियमची नळी असून तिच्यावर प्रकाशसंवाहक पदार्थाचा थर असतो. सुरुवातीच्या यंत्रांत हा थर सेलेनियमचा असे. आजच्या लहान यंत्रांत तो सेंद्रिय पदार्थांचा असतो. त्यात एक अतिशय पातळ थर प्रकाश पडताच विद्युतकण निर्माण करतो आणि त्यावरील दुसरा, सुमारे २० ते ३० मायक्रॉन जाडीचा थर ते कण पृष्ठभागापर्यंत वाहून नेतो. अंधारात हा थर विद्युतरोधक असतो आणि प्रकाशात तो वाहक होतो. ड्रमचे सारे सामर्थ्य या एका गुणात साठवलेले आहे.

पान छापताना पुढील क्रिया घडतात. प्रथम प्रभार देणारा रबरी रोलर, ज्याला दुरुस्ती करणारे 'पीसीआर' म्हणतात, ड्रमच्या पृष्ठभागावर सर्वत्र सुमारे उणे ६०० व्होल्टचा समान ऋण प्रभार पसरवतो. नंतर वेगाने फिरणाऱ्या बहुकोनी आरशावरून परावर्तित झालेला लेसर किरण ड्रमवर एकामागून एक आडव्या रेषा ओढतो. किरण प्रत्येक बिंदूवर लागतो किंवा विझतो. जेथे तो पडतो तेथील प्रभार ॲल्युमिनियममध्ये निघून जातो आणि ती जागा जवळजवळ निष्प्रभ होते. या टप्प्यावर ड्रमवर संपूर्ण मजकूर लिहिलेला असतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही.

हा मजकूर दृश्य करण्याचे काम टोनरचे आहे. टोनरला शाई म्हणण्याची पद्धत असली तरी ती द्रवरूप शाई नव्हे. ती प्लॅस्टिकची अतिसूक्ष्म भुकटी आहे. तिच्या कणांचा आकार साधारणतः ६ ते १० मायक्रॉन असतो. त्यात वितळणारे रेझिन, काळ्या रंगासाठी काजळी, थोडे मेण, कण मोकळे राहावेत म्हणून सिलिका आणि अनेक कार्ट्रिजमध्ये चुंबकीय लोह-ऑक्साइड असते. चुंबकीय रोलर ही भुकटी ओढून घेतो. 'डॉक्टर ब्लेड' नावाची पट्टी तिचा थर सारखा व पातळ ठेवते आणि याच घर्षणात कणांना ऋण प्रभार मिळतो. ड्रमजवळ आल्यावर हे कण ऋण प्रभार असलेल्या जागांपासून दूर ढकलले जातात आणि लेसरने निष्प्रभ केलेल्या जागी उडी घेतात. येथे जुन्या प्रतिमुद्रण यंत्राहून एक मार्मिक फरक आहे. तेथे मूळ पानाच्या पांढऱ्या भागावरून परतलेला प्रकाश पांढरी जागा पुसतो. लेसर प्रिंटरमध्ये प्रकाश काळे अक्षर लिहितो.

त्यानंतर कागदाच्या पाठीमागून धन प्रभार देणारा रोलर टोनरला कागदावर खेचतो. कागद सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या फ्यूजरमधून जातो तेव्हा भुकटी वितळून कागदाच्या तंतूंना चिकटते. ड्रमवर उरलेली भुकटी 'वायपर ब्लेड' खरवडून काढते आणि ती टाकाऊ टोनरच्या कप्प्यात जमा होते. पुसलेली पाटी पुन्हा प्रभार घेण्यास सज्ज होते.

लहान यंत्रांत ड्रमचा व्यास बहुधा २४ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ७५ मिलिमीटर असतो. ए-४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर असल्याने एक पान छापताना ड्रमला जवळजवळ चार फेरे घ्यावे लागतात. कागदाचा वरचा भाग छापला जात असतानाच ड्रमवरील तीच जागा पुसली जाऊन खालच्या ओळींसाठी पुन्हा लिहिली जाते. म्हणूनच पानावर दर ७५ मिलिमीटरला एकच डाग पुन्हा दिसला तर कारागीर ड्रमला चरा पडल्याचे सांगतो, आणि तो सुमारे ३८ मिलिमीटरला दिसला तर बारा मिलिमीटर व्यासाच्या पीसीआरकडे बोट दाखवतो. पट्टीने अंतर मोजून दोष ओळखण्याची ही रीत वरवर साधी असली, तरी तिच्या मुळाशी वर्तुळाच्या परिघाचे गणित आहे.

५. लेसरचा प्रवेश आणि देवनागरी

झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मूळ पानाऐवजी लेसर किरणानेच ड्रमवर लिहिण्याची कल्पना मांडली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात त्यांनी तसे यंत्र घडवले. आयबीएमचे ३८०० (१९७५) आणि झेरॉक्सचे ९७०० (१९७७) ही मोठ्या कार्यालयांसाठीची अवाढव्य यंत्रे होती. कॅननने १९७९ मध्ये अर्धवाहक लेसर वापरून मेजावर मावेल असे यंत्र आणले आणि त्यांच्याच यंत्रणेवर आधारलेला एचपीचा लेसरजेट १९८४ मध्ये बाजारात आला.

ड्रमला लिपी ठाऊक नसते, हे शिळेशी असलेले त्याचे मुख्य साम्य आहे. लेसरसाठी प्रत्येक पान हे केवळ काळ्या-पांढऱ्या बिंदूंचे चित्र असते. तरीही पहिल्या लेसर प्रिंटरमधून देवनागरी सहज उमटली असती असे मानणे चुकीचे ठरेल. अडचण ड्रमची नव्हती, स्मृतीची होती. इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात ए-४ पानाचे सुमारे ८७ लाख बिंदू होतात आणि ते साठवण्यास साधारण ११ लाख बाइट लागतात. पहिल्या लेसरजेटची स्मृती केवळ १२८ किलोबाइट होती. पूर्ण पानाचे चित्र तीत मावत नसल्यामुळे यंत्रात आधीच साठवलेल्या रोमन अक्षरांवर भिस्त ठेवावी लागे. खिळ्यांची केस जणू सूक्ष्म रूपात यंत्रात शिरली होती. १९८५ मध्ये ॲपलच्या लेसररायटरने दीड मेगाबाइट स्मृती आणि ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णन भाषा आणली. त्यानंतर अक्षर हे साठवलेला ठसा न राहता गणिती वक्ररेषांनी वर्णन केलेला आकार झाले. असा आकार कोणत्याही लिपीचा असू शकतो.

याच सुमारास भारतात पायाभूत काम चालले होते. कानपूरच्या आयआयटीमध्ये विकसित झालेले 'जिस्ट' हे भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले. भारतीय लिप्यांसाठीची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारण्यात आली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' ही प्रणाली मराठी डीटीपी केंद्रांत घराघरातल्या नावासारखी रुळली. पुढे युनिकोडच्या प्रसाराबरोबर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा टंक मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधून सर्वत्र पोहोचला.

यातील गुणात्मक फरक आकड्यांत स्पष्ट होतो. बारा पॉइंटाचे अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. नऊ सुयांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला एका फेरीत इंचाला ७२ बिंदूंप्रमाणे या उंचीत अवघे १२ बिंदू मिळत. त्यांतच रफार, शिरोरेषा, जोडाक्षराचे पोट आणि खालचा उकार बसवावा लागे. ३०० बिंदूंच्या लेसर प्रिंटरला तेवढ्याच उंचीत ५० बिंदू मिळतात आणि ६०० बिंदूंच्या यंत्राला १००. 'ऱ्ह', 'द्ध', 'क्ष्म' ही अक्षरे त्यामुळे तुकडे न जुळवता, अखंड आणि सुवाच्य रूपात पुन्हा उमटू लागली. लिपी लहान करण्याच्या वादातील यांत्रिक अडचणीचा मुद्दा अशा रीतीने निकालात निघाला.

६. कार्ट्रिजची पेटी : दुरुस्तीचे विकेंद्रीकरण

लेसर प्रिंटर गावापर्यंत पोहोचण्यास आणखी एक शोध कारणीभूत ठरला. तो विज्ञानाचा नव्हे, तर रचनेचा होता. ड्रम झिजतो, ब्लेड बोथट होते, टोनर संपतो. मोठ्या प्रतिमुद्रण यंत्रांसाठी म्हणूनच प्रशिक्षित अभियंत्याची नियमित फेरी आवश्यक असे. कॅननने १९८२ मध्ये लहान प्रतिमुद्रण यंत्रे बाजारात आणताना ड्रम, प्रभार देणारी यंत्रणा, टोनर आणि सफाईची पट्टी हे सर्व झिजणारे भाग एकाच बदलता येणाऱ्या पेटीत बसवले. जुनी पेटी काढून नवी घातली की यंत्राची बहुतेक देखभाल पूर्ण झाली. हीच पेटी पुढे लेसर प्रिंटरमध्ये आली.

या रचनेचा हेतू लहान कार्यालयांची सोय हा होता. परंतु जेथे कोणताही अभियंता येत नाही अशा गावांना तिचा सर्वाधिक लाभ झाला. खिळेछपाईसाठी ट्रेडल यंत्र, केसभर खिळे, जुळारी आणि यंत्रचालक लागत. असे छापखाने बहुधा शहरांत किंवा तालुक्याच्या ठिकाणी असत. संगणक, लेसर प्रिंटर आणि एक खोली एवढ्या सामग्रीवर मात्र एकटा माणूस अर्ज, दाखले, प्रश्नपत्रिका व लहान जाहिराती छापू लागला. १८३१ मध्ये शिळेवर हे शक्य झाले होते. त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळाने ड्रमवर ते पुन्हा शक्य झाले. या बदलात जुळाऱ्यांचा व्यवसाय लयास गेला. पिढ्यान्‌पिढ्या मराठी शुद्धलेखन राखणारे ते हात होते आणि त्यांच्या जागी आलेल्या केंद्रांत मुद्रितशोधनाची शिस्त सर्वत्र टिकली नाही, हीदेखील या इतिहासाची एक बाजू आहे.

७. पुनर्भरणाचा प्रश्न

पेटीतील सर्व भाग एकाच वेळी संपत नाहीत. प्रथम टोनर संपतो. ड्रम बहुधा आणखी काही काळ काम देऊ शकतो. या विसंगतीतून पुनर्भरणाचा, म्हणजे 'रिफिलिंग'चा व्यवसाय निर्माण झाला. भारतात अतिशय रुळलेल्या लेसरजेट १०२० या यंत्रातील '१२ए' कार्ट्रिजची क्षमता सुमारे २,००० पानांची आहे. हा हिशेब पानाच्या पाच टक्के भागावर अक्षरे आहेत असे धरून केलेला असतो. त्यात साधारण ८० ते १०० ग्रॅम टोनर मावतो, म्हणजे एका पानाला ४० ते ५० मिलिग्रॅम भुकटी पुरते. कारागीर पेटीच्या खिळा काढतो, टाकाऊ टोनरचा कप्पा रिकामा करतो, ब्लेड पुसतो, नवी भुकटी भरतो आणि गरज असल्यास ड्रम बदलतो. ड्रम उजेडात उघडा ठेवू नये, हा या व्यवसायातील पहिला नियम असतो; त्याचे कारण प्रकाशसंवाहक थराच्या गुणधर्मात आहे. सांडलेला टोनर गरम पाण्याने धुऊ नये, हा दुसरा नियम. कारण ती भुकटी उष्णतेने चिकटण्यासाठीच बनवलेली आहे.

तिसगावसारख्या गावातील केंद्रचालकासाठी पुनर्भरण ही केवळ काटकसर नाही. प्रत्येक वेळी नवी पेटी घ्यावी लागली, तर पानामागचा खर्च वाढतो आणि तो अखेर उतारा काढणाऱ्या शेतकऱ्यावर पडतो. पेटी उघडता येते की नाही हा प्रश्न म्हणून सार्वजनिक महत्त्वाचा ठरतो. '१२ए'मध्ये चिप नव्हती; नंतरच्या अनेक कार्ट्रिजवर ती बसवण्यात आली आणि पुन्हा भरलेली पेटी यंत्राने स्वीकारावी की नाही याचे नियंत्रण निर्मात्याच्या हाती जाऊ लागले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क प्रकरणात, कार्ट्रिज एकदा विकल्यानंतर तिच्या वापरावर पेटंटच्या आधारे निर्बंध घालण्याचा निर्मात्याचा हक्क संपतो, असा निर्णय दिला. तो भारतास लागू नसला तरी विकलेल्या वस्तूवर मालकी कोणाची, हा त्यातील प्रश्न येथेही तितकाच खरा आहे.

पुनर्भरणाला दुसरी बाजूही आहे. निकृष्ट भुकटी ड्रमला ओरखडे पाडते, फ्यूजरमध्ये नीट वितळत नाही आणि हवेत उडणारे तिचे सूक्ष्म कण कारागिराच्या श्वासावाटे जातात. भारताच्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०१६ मध्ये प्रिंटरचा समावेश कार्ट्रिजसह करण्यात आला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांची जागा २०२२ च्या नियमांनी घेतली. मोडलेली पेटी उकिरड्यावर किंवा जाळात न टाकता संकलनासाठी पाठवणे हे त्यामुळे केवळ सौजन्य राहिलेले नाही.

८. कागदाचे आयुष्य

इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एका बाबीची दखल घ्यावी लागते. बोरूची शाई कागदात मुरत असे; टोनर कागदावर बसतो. त्यातील काजळी रंगाने टिकाऊ आहे, ती उन्हाने सहसा फिकी पडत नाही. परंतु अक्षर म्हणजे वितळून चिकटलेला प्लॅस्टिकचा थर असल्याने घडीवर ते तडकते आणि फ्यूजर पुरेसा तापला नसेल तर नखानेही खरवडले जाते. पीव्हीसीच्या मऊ पिशवीत कागद वर्षानुवर्षे दाबून ठेवला, तर पिशवीतील मृदुकारक द्रव्य टोनरला मऊ करते आणि अक्षरे कागद सोडून पिशवीला चिकटतात. सात-बारा, खरेदीखत व दाखले अशाच पिशव्यांत जपण्याची ग्रामीण भागात सर्वत्र रीत आहे. जपणुकीचे साधनच येथे हानीचे कारण ठरू शकते. महत्त्वाचे कागद घडी न घालता साध्या कागदी पाकिटात ठेवणे हा त्यावर सर्वांत स्वस्त उपाय होय.

निष्कर्ष

१) लेसर प्रिंटरचा ड्रम हा उंचवट्याने नव्हे, तर पृष्ठभागाच्या बदलत्या गुणधर्माने छापतो. या दृष्टीने तो शिळाप्रेसच्या दगडाचा वारस आहे. दगडावर तेल व पाणी यांचा विरोध होता, ड्रमवर प्रभार असणे व नसणे यांचा आहे.

२) शिळेप्रमाणेच ड्रमही लिपीबाबत तटस्थ आहे. खिळ्यांनी तुकड्यांत विभागलेल्या देवनागरीला तिची अखंडता परत मिळण्यास ही तटस्थता कारणीभूत झाली. मात्र त्यासाठी पुरेशी स्मृती, पृष्ठवर्णन भाषा आणि पुणे-कानपूर येथील संशोधनाची जोड आवश्यक ठरली.

३) १९८२ मधील कार्ट्रिजच्या रचनेने देखभाल वापरकर्त्याच्या हाती दिली. एकट्या माणसाची छपाई त्यामुळे गावांत पुन्हा शक्य झाली.

४) ही छपाई गावाच्या आवाक्यात राहणे हे पेटी उघडण्याच्या, भरण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या मोकळिकीवर अवलंबून आहे. गणपत कृष्णाजींनी आपली साधने स्वतः सिद्ध केली म्हणून पंचांग सामान्यांच्या घरी गेले. ड्रम कोणी बदलावा आणि टोनर कोणी भरावा याचा निर्णय ज्याच्या हाती राहील, त्याच्यावरच तिसगावच्या शेतकऱ्याला त्याचा उतारा काय दराने मिळेल हे पुढील काळात ठरणार आहे.